अजून हवा आहे

डोंबिवलीत दर इमारतीत एक मिलिमीटरकाका असतातच. दाराची बेल वाजवून ते "तुमचं बिजागर बोलतंय" एवढंच सांगतात आणि आपण चहाचं विचारेपर्यंत स्क्रू पिळून निघूनही गेलेले असतात. आमचे काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झाले. तिथे त्यांचा बंदुकीला कधी हात लागला नव्हता. अख्खी नोकरी कानस, कॅलिपर आणि मार्किंग ब्ल्यू यांच्या सहवासात गेली. पण 'ऑर्डनन्स' या शब्दावर भाळून सोसायटीने त्यांना सांगितलं, "पाडव्याच्या चित्ररथावर मावळ्याच्या हाती एक बंदूक द्यायचीय." हे नेमकं कोणी सुचवलं, यावर मीटिंगमध्ये अजून वाद होतो.

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ पासून निघते. आमच्या मावळ्यांच्या बंदुका तोवर प्लायवूडच्या, वर चंदेरी कागद. एवढ्या लांबून कोण बघतंय? हे 'कोण बघतंय' काकांना सोसत नाही.

आधी त्यांनी कल्याण गाठलं. पारनाक्याकडे एक जुना वाडा पाडत होते, त्याच्या तुळईचा तुकडा लोकलच्या लगेज डब्यातून आणला. "एवढे पावसाळे खाल्लेला साग. हा आता हलायचा नाही." नळीसाठी भरीव लोखंडी सळई. कायदा काकांना पाठ. १९५९ च्या शस्त्र कायद्याला ठासणीची बंदूकही बंदूकच. कोकणात शेताच्या राखणीला ठेवायची तरी परवाना लागतो. म्हणून तोंडाशी बोटभर भोक पाडून ते थांबले, आणि रंजकेसाठीचा कान टोचलाच नाही.

मग सुरू झालं नळी बसवणं. नळी निम्मी लाकडात जायची, म्हणजे दस्त्यात तिच्यापुरती पन्हळ कोरायची. नळी मागे जाड, पुढे निमुळती, त्यामुळे एक माप सगळीकडे चालत नाही. काका नळीला काजळी फासत, पन्हळीत दाबत, उचलत. लाकूड जिथे उंच असेल तिथे काळा ठिपका उठे. पटाशीने तेवढाच खरवडायचा. परत काजळी. परत ठिपका. काजळी काकूंच्या समईवर वाटी धरून जमवलेली.

"नळी बसली की हे आतलं दिसणार का?" काकूंनी एकदा विचारलं.

"नाही."

"मग कशाला जीव काढताय?"

"दिसणार असतं तर पॉलिशने झाकलं असतं."

तपासणी केडीएमटीच्या जुन्या तिकिटाने. नळी आणि लाकूड यांच्या सांध्यात तिकीट सरकलं की निकाल ठरलेला: "अजून हवा आहे." आमच्या जिन्यातली पोरं बॅडमिंटनचं नेट सैल असलं तरी आता हेच म्हणतात.

मी एकदा शहाणपणा केला. बार उडाला की नळी मागे रेटते, तिचं बूड लाकडाला सगळीकडून सारखं टेकलं नसेल तर धक्का एकाच कडेवर बसतो आणि दस्ता चिरतो, असं काका समजावत होते. मी म्हटलं, "पण काका, ही उडणारच नाहीये."

"ते दस्त्याला काय माहीत?"

त्यांच्याबरोबर पुण्याच्या केळकर संग्रहालयातही जाऊन आलो. लोक नक्षी बघत होते. काका कपाटासमोर जवळजवळ आडवे होऊन बंदुकीचं पोट बघत होते. रखवालदाराने विचारलं, "आजोबा, काही पडलं का?" परतीच्या गाडीत कर्जत येईपर्यंत व्याख्यान. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांत नळी दस्त्याला कातड्याच्या वादीने नाहीतर धातूच्या पट्ट्यांनी आवळायचे. विलायती बंदुकीत नळीच्या पोटाला कड्या, त्यांतून आडव्या पिना. आणि चांगला कारागीर त्या कडीचं भोक लांबट ठेवी, कारण लाकूड फुगतं, आक्रसतं, त्याला सरकायला जागा हवी. "कळत होतं लोकांना," काका म्हणाले, ते आत्ताचे लोक वगळून.

जुलैत त्या न हलणाऱ्या सागानेही डोंबिवलीची हवा पिऊन नळी अशी धरली की निघेना. काकांनी जिन्यात पेढे वाटले: "हवा गेली!" ऑक्टोबरच्या उन्हात तिकीट पुन्हा आत गेलं. पेढे मात्र कोणी परत मागितले नाहीत. एक पाडवा आधीच प्लायवूडवर निघाला होता.

दुसऱ्या पाडव्याला मात्र बंदूक रथावर चढली, पितळी पट्ट्या चमकवत. फडके रोडवर गर्दी तुडुंब. कोणी बंदुकीकडे ढुंकून बघेना; सगळ्यांचे मोबाईल ढोलवाल्यांकडे. काका रथाशेजारून, दस्त्यावर नजर ठेवून चाललेले. तेवढ्यात गर्दीतून ठाण्याचे एक अनोळखी आजोबा पुढे आले, वाकले, मावळ्याच्या हातातली बंदूक खालून न्याहाळली आणि म्हणाले, "बूड टेकलंय का सगळीकडून?"

काकांनी खिशातून तिकीट काढलं.

मावळ्याकडून बंदूक घेतली गेली. दोघं एका मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर बसले, पट्ट्या सोडवायला लागले. रथ काही थांबला नाही. आमचा मावळा रिकाम्या हातांनी, पण नेम धरूनच, गणेश मंदिराकडे निघून गेला.