मान आणि धन

अहिल्यानगर जिल्ह्यात तालुके 14 असले, तरी 5 सप्टेंबरला, शिक्षक दिनी, कृतज्ञतेची पद्धत एकच: शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाल देणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेव्हा ही शाल बहुमताची समजावी. पावसाळी उकाड्यात ती गुरुजींच्या खांद्यावर चढते, यामागे दूरदृष्टी आहे. थंडी डिसेंबरात येणारच.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या बाबतीत मात्र पालकांचा संयम वाखाणण्याजोगा. 25 मुलांपर्यंत एक ताई, 100 पर्यंत दोन, असा नियम. केंद्राने 2009 साली त्यांचं मानधन महिना 1,000 रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहाच महिने. पुढे राज्याने ते 2,500 वर नेलं. उन्हाळी सुट्टीत मुलं शाळेत जेवत नाहीत, म्हणून ताईंच्या घरची चूलही विश्रांती घेते, असं हे शास्त्र.

हाच न्याय जरा पुढे न्यावा. मानधनात मान आणि धन दोन्ही असतात. धन कमी पडलं, तर मान वाढवावा. दरमहा एक श्रीफळ, दिवाळीला दोन. गावातल्या किराणा दुकानदाराने ते रोख रकमेसारखं स्वीकारावं, असा ठराव समितीने एकमताने करावा.

ताईंचं नाव सत्काराच्या यादीत घ्यायला कुणाचीच हरकत नाही. अडचण एवढीच, की नाव पुकारलं जातं तेव्हा त्या मांडवामागे पाहुण्यांचा चहा गाळत असतात.