पहिलं बाळंतपण कुणाकडे?

वहिनी, ओ वहिनी! राहू द्या ते कपडे दोरीवर, इकडे कुंपणापाशी या जरा. कळलं का तुम्हाला? समोरच्या आळीतल्या धाकट्या सूनबाईला पाचवा लागला. हो, तीच, जव्हारकडची. तीन महिने झाकून ठेवलं त्यांनी, पण झाकतंय कुठं? ओल्या बोंबलांवर जीव टाकणारी पोरगी वाससुद्धा नको म्हणाली, तेव्हाच मी आमच्या ह्यांना म्हटलं होतं.

आणि दोन वर्षं आळीने काय काय ऐकवलं हो तिला! कुणाच्या डोहाळजेवणाला गेली की बायका तिची ओटी भरून वर डोळे बारीक करून बघायच्या. आता तिनेच मला सांगितलं, तुमच्यापाशीच राहू द्या, की मूल इतक्यात नको म्हणून ती सुई घेत होती. ‘अंतरा’ म्हणतात तिला. सरकारी दवाखान्यात फुकट देतात, तीन महिन्यांतून एकदा. नवऱ्याला ठाऊक, सासूला नाही. मोटरसायकलचे हप्ते फिटू देत, हातात चार पैसे येऊ देत, असं दोघांचं ठरलेलं. आशाताईने आधीच सांगून ठेवलं होतं की सुई थांबवली म्हणून लगेच दिवस राहत नाहीत, शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने धरून चालायचं. फॉलिकच्या गोळ्याही आधीपासूनच सुरू करायला लावल्या. आणि इकडे सासूबाई डहाणूच्या महालक्ष्मीला नवस बोलून मोकळ्या! आता चैत्राची यात्रा आलीच आहे, नवस फेडायला सूनच जाणार. हसत होती मेली.

आमच्या मास्तरांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच र. धों. कर्वे काढले. म्हणे त्या माणसाने 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली नोकरी सोडावी लागली, आणि तुम्ही बायका अजून कुंपणापाशी कुजबुजताय. मी म्हटलं, कुजबुजतोय म्हणून तर कळतंय. तुमच्या पेपरात येतं का कुणाची सुई कधी संपली ते?

सासूबाईंचं तुम्हाला माहीतच आहे. पोट टोकदार दिसतंय, मुलगाच, हे त्यांनी ठरवून टाकलंय. सोनोग्राफीला सोबत गेल्या आणि बाहेर आल्याबरोबर डॉक्टरीणबाईंना विचारतात, “काही बोला की.” तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 1994 चा कायदा आहे, सांगणारा अडकतो तसा विचारणाराही अडकतो. त्या दिवसापासून गप्प आहेत. गप्प म्हणजे, त्यांच्या मानाने.

लाल गोळ्यांची तऱ्हा तर विचारू नका. लोहाच्या हो. रोज एक, निदान 180 दिवस. ही दोन दिवस घ्यायची, शौचाला काळी होते म्हणून घाबरायची आणि उरलेल्या तुळशीवृंदावनामागे टाकायची. तुळस टवटवीत, पोरीचं हिमोग्लोबिन नऊ! अकराच्या वर हवं. आशाताईने ते गोळ्यांचं आळं बघितलं आणि तिथंच बसवून घेतलं तिला. काळी होते ती लोहामुळे, घाबरायचं नाही. चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घे. आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दोघींचं पटत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर तपासतात, तिथे आता स्वतः घेऊन जाते ती. तिथेच कळलं की पोरीचा रक्तगट ओ निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह. तशात सातव्या महिन्यात एक सुई लागते म्हणे, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंत झाल्यावर 72 तासांच्या आत दुसरी.

पण खरी भानगड पुढंच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सासूबाई म्हणतात, व्याही काय म्हणतील. माहेर म्हणजे जव्हार गावात असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं, तिथे पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. पण हिचं घर तिथून आत, पाड्यावर. आणि दिवस भरतात श्रावणात! तो पाऊस तुम्ही बघितलाय ना त्या अंगाचा? ओहोळ भरला की पाडा तुटतो.

तुम्ही म्हणाल, तिची आजी सुईण होती, सगळे तिच्याच हातावर झाले. झाले खरे. जे झाले नाहीत त्यांची मोजदाद कुणी ठेवली? 2022 च्या ऑगस्टात मोखाड्याच्या एका पाड्यावर काय झालं, विसरलात? दिवस भरायच्या आधी जुळी झाली, दोन्ही गेली, आणि रक्त जात असलेल्या त्या बाईला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागलं. बरं, रस्ता असला म्हणजे झालं असंही नाही. 2024 च्या नोव्हेंबरात शेजारच्या डहाणू तालुक्यातलीच पोटुशी बाई, दवाखान्यात पोचली होती, तिथून सिल्वासाला न्यायला सांगितलं, धड सोयीची गाडी मिळेना, आणि वाटेतच गेली. आपला जिल्हा 2014 साली ठाण्यातून वेगळा झाला, पण केस अवघड झाली की अजून सिल्वासा नाहीतर नाशिक नाहीतर मुंबई. बाळंतपणात रक्त जायला लागलं तर काही तासांत बाई हातची जाते, वहिनी. घाटात तेवढे तास कुठून आणायचे?

म्हणून मी सासूबाईंना सरळ सांगितलं, पोरगी इथेच राहू द्या, आईला बोलवा. आठव्यात येऊन राहील. माहेर म्हणजे आईचा हात आणि चार दिवस अंथरुणावर पडायची मुभा, ते एसटीने जव्हारहून बोईसरला येतं की! त्यावर म्हणतात, “मग मी काय करायचं?” म्हटलं, व्याहीणबाईंना चहा करून द्यायचा. रुसल्यात. उतरेल.

तिच्या कामाचंही एक आहे. एमआयडीसीत गोळ्यांच्या पॅकिंगला जाते ना, ठेकेदाराकडे. कायद्याने 26 आठवडे पगारी रजा आहे, 2017 पासून. आधीच्या वर्षात 80 दिवस काम भरलेलं असलं की झालं. पण ठेकेदार दर काही महिन्यांनी नावं काढतो आणि नव्याने चढवतो. आमच्या मास्तरांनी तिला हजेरीच्या कार्डांचे फोटो काढून ठेवायला सांगितलेत. हे एक काम बरं केलं त्यांनी. सरकारचे पाच हजार मिळतात पहिल्या बाळाला, तीन आधी आणि दोन जन्माची नोंद नि पहिल्या लसी झाल्यावर. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर सहा हजार. त्याचा फॉर्म अडलाय, आधारवर अजून माहेरचं नाव आहे. लग्नाला दोन वर्षं झाली आणि नाव बदलायला वेळ नाही, मोटरसायकल धुवायला आहे.

तुमच्या भाचीला मध्ये टाका घातला होता ना हो? पिशवीचं तोंड सैल म्हणून? त्याला शिरोडकर टाका म्हणतात, जगभर. आपले शिरोडकर डॉक्टर, मूळचे गोव्याचे, मुंबईत होते, त्यांनी 1955 च्या सुमाराला काढलेली युक्ती. तेव्हा हिच्या सासूने ‘शिवून ठेवलीय पोरीला’ म्हणून गावभर केलं होतं, आठवतं? आता तो पोरगा शाळेत जातो आणि ह्या सासूबाईंचेच पेरू चोरतो.

खाण्यापिण्याचं मी बघते. अळीव भिजत घालून लाडू, डिंक, बाळंतशेपा, आणि मोरीचं कालवण. दूध चांगलं येतं असं आमची सासू म्हणायची. येवो न येवो, चव तर आहे. फक्त ती शेगडीची धुरी बंद खोलीत नको म्हणून मी आत्ताच सांगून ठेवलंय. अंग शेकायला गरम पाण्याची पिशवी आहे. बाळाला मधाचं बोटही नको, पहिल्या तासात आईचा चीकच, मग सहा महिने पाणीसुद्धा नाही. ह्यावर भांडण होणार, मला ठाऊक आहे. तेव्हा तुम्ही माझ्या बाजूने बोलायचं.

आता मुद्द्याचं. 108 आहे, 102 आहे, सरकारी दवाखान्यात 2011 पासून जायची गाडी, ऑपरेशन, रक्त, जेवण, घरी सोडणं, सगळं फुकट. पण रात्री दोनला फोन लागला आणि गाडी दुसऱ्या केसला गेलेली असली तर? ह्या घरात पाळण्याचा रंग ठरलाय, बारशाचा हॉल ठरलाय, गाडी कुणी ठरवलेली नाही. तुमच्या भाच्याची इको रात्री इथेच उभी असते ना? त्याचा नंबर द्या, मी त्यांच्या दारामागे खडूने लिहून ठेवते. आणि गणपतीच्या शिबिरात त्याने रक्त दिलं तेव्हा ओ निगेटिव्ह म्हणून त्याचा सत्कार झाला होता, बरोबर? मग त्याला आत्ताच सांगा, श्रावणात मित्रांबरोबर गोव्याबिव्याला जायचं नाही. विचारू नका, सांगा.