फोनवर आई आहे

रॉक संगीतावरच्या सिनेमात सगळ्यांत मोठा आवाज कशाचा, असं विचारलं तर कुणीही गिटारकडे बोट दाखवील. कॅमेरॉन क्रो यांचा ‘ऑलमोस्ट फेमस’ पाहताना मला मात्र दर वेळी टेलिफोनच जास्त ऐकू येतो. काळ १९७३चा. सॅन डिएगोचा पंधरा वर्षांचा विल्यम मिलर ‘रोलिंग स्टोन’साठी लेख लिहायला स्टिलवॉटर नावाच्या बँडबरोबर गावोगाव हिंडतो. हे काम त्याला मिळतं तेच फोनवर आवाज खर्जात नेऊन. पलीकडच्या संपादकाला वाटतं, कुणी मुरलेला पत्रकार बोलतोय. मिसरूड अजून फुटायचं होतं, एवढाच काय तो फरक.

या मुलाची आई एलेन कॉलेजात शिकवते. तिच्या घरात रॉकला मज्जाव. नाताळ मात्र सप्टेंबरात, कारण तेव्हा बाजाराला अजून त्याचा वास लागलेला नसतो. सायमन आणि गारफंकल या दोन मवाळ, भजनी मंडळात सहज खपून गेले असते अशा गायकांची रेकॉर्ड ती हातात घेते, कव्हरवरच्या डोळ्यांत डोळे घालते आणि निदान करते, की दोघांनीही गांजा ओढलाय. वैतागलेली थोरली लेक घर सोडून हवाई सुंदरी व्हायला निघते आणि जाताना आपल्या सगळ्या रेकॉर्डी भावाच्या पलंगाखाली ठेवून जाते. मग एके दिवशी हीच आई मुलाला स्वतः गाडीतून कॉन्सर्टच्या दारात सोडते आणि भर गर्दीत ओरडून सांगते, की ड्रग्ज घेऊ नकोस. रस्त्यावरची केसाळ पोरं तेच वाक्य टिंगलीने पुन्हा ओरडतात. आपणही हसतो. पण फ्रान्सिस मॅकडॉर्मंड यांनी ही बाई अशी उभी केली आहे, की हसता हसता आपण नकळत सावरून बसतो.

दौरा सुरू होतो आणि आई फोनवर येते. बँड गाव बदलतो, हॉटेल बदलतो, बरोबरच्या मुली बदलतात, आई तीच. हॉटेलच्या काउंटरवरची माणसं विल्यमला तिचा निरोप देतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वादळातून नुकत्याच बाहेर आलेल्या होडीची कळा असते. एकदा गिटारिस्ट रसेल हॅमंड मोठ्या ऐटीत रिसीव्हर हिसकावून घेतो. हजारोंना नाचवणारा माणूस, एका मास्तरीणबाईला गोड बोलून गुंडाळणं त्याला काय कठीण! पलीकडून गटेच्या नावासकट जी शिकवणी सुरू होते, ती ऐकता ऐकता त्याचा खांदा उतरतो, आवाज उतरतो, आणि क्रांती, बंड, मुक्तपणा वगैरे सगळं बाकावर उभं राहिलेल्या विद्यार्थ्यासारखं होऊन जातं.

आमच्याकडे एके काळी फोन शेजाऱ्यांकडे असायचा आणि आपल्या पत्रिकेवर, अर्जावर त्यांचा नंबर पीपी म्हणून लिहायचा. परगावी शिकायला गेलेल्या मुलाने एसटीडी बूथमधून फोन केला, की आई हातातलं टाकून जिना उतरायची आणि शेजारच्या दिवाणखान्यात सगळ्यांच्या समोर ‘जेवलास का’ एवढंच विचारायची. उरलेलं सगळं त्या दोन शब्दांत कोंबलेलं असे. बूथच्या मीटरवरचे लाल आकडे पळत असायचे, म्हणून मुलगाही खोटं थोडक्यात बोलायचा. एलेनचं बिल कोण भरत होतं कुणास ठाऊक, ती थोडक्यात बोलत नाही.

फोनच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक माणूस आहे. लेस्टर बँग्ज. हे खरे समीक्षक, डेट्रॉइटच्या ‘क्रीम’ मासिकाचे. १९८२मध्ये अवघ्या ३३व्या वर्षी गेले. फिलिप सीमोर हॉफमन यांनी त्यांना पडद्यावर आणलं, तेही मोजक्याच प्रसंगांत. त्यांचा विल्यमला सल्ला असतो, की या कलावंतांशी मैत्री करू नकोस. पोरगा अर्थातच मैत्री करून बसतो. मग रात्री उशिरा, लेख जुळेना तेव्हा, बिचकत त्यांना फोन लावतो. ते घरीच सापडतात. ज्यांना कुणी पार्टीला बोलावत नाही ती माणसं वेळेला घरी सापडतात, हा समीक्षकांचा एकमेव उपयोग मला मनापासून पटलेला आहे. पुढे लेख पडताळायला ‘रोलिंग स्टोन’मधून रसेलला फोन जातो आणि तो बहुतेक सगळं नाकारतो. लोकांसमोर उघडावाघडा गाणारा माणूस सत्याला घाबरतो, तोही फोनवरच.

हे सगळं पुष्कळसं क्रो यांचंच आयुष्य. ते स्वतः किशोरवयात ‘रोलिंग स्टोन’साठी लिहीत होते. १९७३मध्ये ऑलमन ब्रदर्स या बँडच्या दौऱ्यात ग्रेग ऑलमन यांना या पोराचा संशय आला आणि त्यांनी मुलाखतीच्या टेप काढून घेतल्या, नंतर परतही केल्या. सिनेमा २००० साली आला, खर्चही भरून निघाला नाही, पटकथेला मात्र ऑस्कर मिळालं. चित्रीकरण चालू असताना क्रो यांच्या खऱ्या आई, ॲलिस, मुलाचं काम नीट चाललंय ना हे बघायला सेटवर येत. मॅकडॉर्मंडबाईंना त्रास देऊ नकोस, असं दिग्दर्शकाने आईला बजावून ठेवलं होतं. दोघींचं छान जमलं. दिग्दर्शकाचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होतं.