पैरा कुणाशी?

जगातली सर्वांत वरच्या दर्जाची पोलो स्पर्धा म्हणजे ब्यूनॉस आयर्सच्या पालेर्मो मैदानावरची अर्जेंटिनाची खुली स्पर्धा. सुरुवात 1893 सालची. पोलोत प्रत्येक खेळाडूची पत आकड्यात ठरवून दिलेली असते, उणे दोनपासून दहापर्यंत, आणि चौघांची बेरीज ही संघाची पत. इंग्लंडातल्या गोल्ड कपात ही बेरीज 22 च्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे दहाचे दोन हिरे घेतले, की उरलेल्यांत एक दोनाचा आणि एक शून्याचा गडी आला. हा शून्याचा गडी पुष्कळदा संघाचा सगळा खर्च करणारा मालकच असतो. आपल्या पैशानं आपल्यालाच खेळायला मिळावं, यात गैर काय?

पालेर्मोत बेरजेला कुंपण नाही. 1975 साली कोरोनेल सुआरेझ या क्लबनं चौघेही दहाचे, असा 40 चा संघ उतरवला. तिथं हौशी मालकानं प्रेक्षकांत बसायचं.

आमच्याकडे तो आधीपासूनच तिथं बसतो. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं बैलगाडीचं मैदान घ्या, नाहीतर खानापूर तालुक्यातल्या भाळवणीचं. माणसाची पत इथं कुणी मोजत नाही. बागायत किती, ऊस किती टन गेला, साहेबांच्या गाडीत पुढं बसतो की मागं, सगळं वेशीबाहेर. मोजतात ते बैलाचे दात. दुधाचे दात असलेला आदत, दोन दाती तो दुसा, चार दाती तो चौसा. पंच तोंड उघडून बघतात आणि वाद मिटतो. पोलोतल्या दहावाल्याला असं 'आ कर' म्हणायची सोय नाही.

लाउडस्पीकरवर नाव गाजतं तेही बैलाचं. बकासुर म्हटलं की साताऱ्या-सांगलीतलं शेंबडं पोरही मान वर करतं. मालकाचं नाव विचाराल तर डोकं खाजवेल. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली. ड्रायव्हरच्या हातात आता काठी-चाबूक चालत नाही. पोलोवाल्याच्या हातात मात्र लांबलचक काठी असते, आणि ती चेंडूसाठी आहे असं तो सांगतो.

पण मोठ्या मैदानाचं खरं राजकारण पैऱ्यात. शेतात एका बैलाचा गरीब शेजाऱ्याशी पैरा करतो आणि दोघांची नांगरट उरकते. शर्यतीत हीच गरज ऐट होऊन बसते. एकाच गोठ्यात दोन वाघ सहसा नसतात, म्हणून याचा डावा नि त्याचा उजवा अशी सोयरीक जुळवतात. लग्नात पाहत नाहीत इतकं पाहतात: चाल, उंची, स्वभाव, जुवाखाली कोण कुणाला ओढतो. भाळवणीला 2023 मध्ये पहिल्या जोडीला थार गाडी होती. बैल दोन घरचे असले, तर त्या एका थारची किल्ली कुणाच्या खिशात, हा प्रश्न मला शर्यतीहून रंगतदार वाटतो.

खटावकडच्या एका आबांना मी अर्जेंटिनाच्या पोलोपटू अदोल्फो कॅम्बियासोची हकिकत सांगितली. क्वार्तेतेरा नावाची त्याची अफाट घोडी. प्रयोगशाळेत तिच्या हुबेहूब प्रती काढल्या आणि 2016 साली तशा सहा घोड्या आलटूनपालटून वापरून त्यानं पालेर्मो जिंकलं.

आबांनी तंबाखू मळता मळता थांबून विचार केला.

"साही एकसारख्या?"

"हुबेहूब."

"मग बरंय की. पैरा घरच्या घरातच. थारबी घरात."