छत्तीस लाखांचे दाजी

बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना आमच्या दाजींनी त्याचे दात तीनदा मोजले होते. एकदा स्वतः, एकदा माझ्याकडून, आणि विकणारा चहाला गेल्यावर पुन्हा एकदा स्वतः. तिन्ही वेळा सहाच भरले. तरी घर येईपर्यंत दाजी बैलाच्या तोंडाकडे संशयानं बघत होते.

हा मोजणारा माणूस आमच्या जुन्नर-आंबेगावात गावोगाव सापडतो. मंचरच्या एखाद्या मोबाईलच्या दुकानात काचेवर कोपर टेकून तो तासभर उभा असतो. दुकानदार त्याला गिऱ्हाईक समजतो; तो मात्र तपासणीला आलेला असतो.

तर गेल्या वर्षी दाजींनी कॉम्प्युटरला नवा मॉनिटर घ्यायचं काढलं. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटातल्या दोन आडत्यांचे हिशेब ते घरी बसून टॅलीत भरतात. जुना 19 इंची मॉनिटर उजव्या कडेनं काळवंडला होता, आणि रक्कम नेमकी त्याच कडेला येते. शनिवार-रविवारी चिरंजीव अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून घरी येतात आणि त्याच खुर्चीत बसून पहाटेपर्यंत गोळीबार करतात. बापाला अक्षर ठळक हवं, लेकाला खेळ पळता हवा, आणि पैसे ताईच्या डब्यात.

दाजींनी आडत्यांच्या जुन्या हिशेबपट्ट्यांच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं.

"पाव्हणं, हे बघा. नऊ हजारवाला फुल एचडी. 1920 गुणिले 1080. ठिपके झाले 20,73,600. रुपयाला 230. अठरा हजारवाला 1440. त्याला ठिपके 36,86,400. रुपयाला 205 बी पडत नाहीत. आन् सत्तावीस हजारवाला फोर के. 82,94,400. रुपयाला 307! आता सांगा, स्वस्त कोण?"

सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात स्वस्त ठरवणारं हे गणित मला खोडता येईना. ते रविवारी लेकानं खोडलं. "अप्पा, गेम चालू असला की हे सगळे ठिपके कॉम्प्युटरला सेकंदाला साठ-साठ वेळा नव्यानं रंगवायला लागतात. फोर केला फुल एचडीच्या चौपट काम. आपल्याला ग्राफिक्स कार्डच नाही."

दाजी जरा वेळ गप्प बसले. "म्हंजी एका बैलाला चार औतं," ते म्हणाले आणि पट्टी घडी करून खिशात ठेवली. औताची भाषा आली की दाजींना काहीही पटतं.

हर्ट्‌झ मात्र पटलं नाही. लेकाला 144 हर्ट्‌झचा मॉनिटर हवा होता, म्हणजे चित्र सेकंदाला 144 वेळा बदलणारा. दाजींनी मीटरकडं बोट दाखवलं. "आपली लाईट 50 हर्ट्‌झची. वरचे 94 काय तू कॉलेजातनं आणणार?" ही दोन हर्ट्‌झ वेगळी आहेत, हे पटवायला लेकाचा दीड रविवार गेला. त्यातला अर्धा लाईट नव्हती म्हणून गेला, आणि दाजींनी तो आपल्या बाजूचा पुरावा धरला.

खरी गोम बजेटमध्ये होती. दाजींचा अर्ध्या एकराचा टोमॅटोचा प्लॉट असतो, आणि त्यांच्या डोक्यात रुपया चालत नाही, 20 किलोचं क्रेट चालतं. 2023 च्या जुलैमध्ये नारायणगावात क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. त्या भावानं अठरा हजारांचा मॉनिटर नऊ क्रेटांत येतो. (त्या जुलैमध्ये दाजींच्या रानात कोबी होता. तो विषय घरात काढायचा नसतो.) क्रेट दीडशेवर आलं की तोच मॉनिटर 120 क्रेटांचा. त्यामुळे प्रत्येक तोड्याला रेझोल्यूशन बदलायचं. भाव वधारला की फोर के, पडला की फुल एचडी, आणि अवकाळी पाऊस झाला की "जुन्यात तरी काय वाईट दिसतंय?" मी फोनवर आधी टोमॅटोचा भाव विचारायचो; ठिपके त्यावरून कळायचे.

मधेच 28 फेब्रुवारी आली. विज्ञान दिनाला खोडदची रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. शाळेच्या पोरांच्या रांगेत उभं राहून दाजी आत गेले आणि माहिती सांगणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, "हिचं रेझोल्यूशन किती?" ती बिचारी खूश झाली. तिनं मनापासून सांगितलं की 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, 14 मध्यभागी आणि 16 तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात; डिश जितक्या एकमेकींपासून लांब, तितकं आकाश बारीक उमटतं. दाजींनी त्यातला 'लांब' हा शब्द तेवढा घरी आणला. लांब बसलं की स्वस्तातलं रेझोल्यूशनही चांगलं दिसतं, असा त्यांनी सिद्धांत केला. दुर्बिणीशी त्याचा काही संबंध नव्हता, पण निघाला खरा. 24 इंची फुल एचडीचे ठिपके तीन फुटांच्या पुढं गेलं की साधारण डोळ्याला सहसा सुटे दिसत नाहीत. दाजींनी दोरी लावली. टेबल दोन फुटांचं. खुर्ची मागं सरकवली, तर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गेली.

"आणखी सरका," ताई आतून म्हणाली, "म्हणजे पीठ मळता मळता बोलता येईल."

सिद्धांत तिथंच संपला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला तापकीर गल्लीत होतो. दाजींना पडदा 27 इंचीच हवा होता. एवढ्या पडद्यावर फुल एचडी घेतलं तर इंचाला जेमतेम 82 ठिपके पडतात, अक्षराच्या कडा फुटतात. 1440 घेतलं तर 109. हे दुकानदारानं सांगितलं. दाजींनी खिशातून भिंग काढलं आणि दुकानदार चहा सांगायला गेल्यावर पुन्हा काढलं. भाव करताना त्यांनी एकदा खांद्यावरच्या टॉवेलाला हात घातला, तेव्हा मला वाटलं, आता बैलबाजारासारखी टॉवेलाखाली बोटं धरतात की काय. पण त्यांनी फक्त घाम पुसला. पाचशे रुपये सुटले.

मॉनिटर घरी लागला. पहिल्याच संध्याकाळी दाजींना अक्षर मुंगीएवढं दिसायला लागलं. त्यांनी ते दीडपट करून घेतलं. आता हिशेबाच्या ओळी फुल एचडीवर मावल्या असत्या त्यापेक्षाही कमी मावतात, पण दिसतात झकास. शनिवारी लेक बसला. 1440 वर गेम ढेकळातल्या औतासारखा अडखळायला लागला. 1080 वर आणला, तर धुरकट दिसला. मग 720 वर आणला, तेव्हा पळाला.

मला वाटलं, दाजी खचतील. पण त्यांचा चेहरा फुलला होता. "1440 ला 1080 नं भागा, पाव्हणं. 360 उरतात. ती बाकी म्हंजी तो धूर. 720 नं भागा. दोनाचा भाग, बाकी काय नाय! एका ठिपक्याच्या जागी चार ठिपके, बरोबर बसतात. वस्तू चोख घेतली."

"म्हणजे गेमला नऊ लाख ठिपके लागतात," ताई म्हणाली. तीही त्याच घरात राहते. "आणि आपण आणले छत्तीस लाख. वरचे सत्तावीस लाख कशाला?"

"ऱ्हाऊ दे की कांद्यासारखे बराखीत," दाजी म्हणाले. "भाव आला की काढू."