साम्राज्य नंतर, आधी शेताचं बघा

'एज ऑफ एम्पायर्स २' हा युद्धाचा खेळ आहे, ही अफवा १९९९ पासून चालू आहे. नावात साम्राज्यं, मोहिमांत सलादिन आणि चंगीझ खान. संगणक 'अभ्यासासाठी' घरात येत होता त्या काळातल्या पोरांचा तसा समज झाला, यात नवल नाही. मोठेपणी तोच खेळ पुन्हा उघडला की खरा प्रकार कळतो. हा प्रपंचाचा खेळ आहे. लढाई त्यात लग्नातल्या वाजंत्रीइतकीच: आवाज तिचा, धावपळ आणि खर्च इतरांचा.

पुरावा पाहा. सुरुवातीला पदरी एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि एक टेहळणीचा घोडेस्वार. पुढचा प्रत्येक गावकरी ५० अन्नाला पडतो आणि पाच माणसांमागे एक घर लागतं. जागा नसेल तर सहावा जन्मालाच येत नाही. (मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको.) पुढच्या युगात जायचं तर ५०० अन्न मोजा, त्याच्या पुढच्या युगासाठी ८०० अन्न आणि २०० सोनं. पहिल्या काही मिनिटांतली सर्वांत थरारक चकमक होते ती रानडुकराशी. एका गावकऱ्याने बाण मारायचा, डुक्कर अंगावर आलं की टाउन सेंटरकडे धूम ठोकायची आणि तिथे मेंढरांपाशी बसलेल्या मंडळींनी मिळून त्याला आडवं करायचं. मिळकत ३४० अन्न. पळणारा वाटेत सापडला तर कामाचा माणूस गेला; त्याचं ना स्मारक, ना पोवाडा.

कुणी म्हणेल, मग नाइट, हत्ती, ट्रेब्युशे कशाला आहेत? आहेत ना, पण एक नाइट ६० अन्न आणि ७५ सोनं मागतो, आणि ते रणांगणावर उगवत नाही. पराभव दिसतो किल्ल्यापाशी. होतो मात्र बराच आधी, मेंढी संपल्यावर चार गावकरी हात हलवत उभे राहिले आणि मालकाचं लक्ष नव्हतं तेव्हा. खेळ सुधारणाऱ्यांनाही हे मर्म ठाऊक असावं. मूळ खेळात शेत संपलं की प्रत्येक वेळी स्वतः जाऊन पेरावं लागे. २००० च्या 'द कॉन्करर्स'मध्ये पेरणीची आगाऊ नोंद मिलमध्ये करता येऊ लागली आणि २०१९ च्या 'डेफिनिटिव्ह एडिशन'मध्ये पेरणी आपोआप होऊ लागली. २०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आलं, त्यातल्या गुर्जरांना तर मेंढरं मिलमध्ये ठेवून बसल्या जागी अन्न मिळतं. राजघराण्यांच्या नावाने आलेल्या विस्तारातही चर्चा गोठ्याचीच.

पेरणी आपोआप झाल्यावर प्रपंच उरला कुठे, ही शंका बरी आहे, पण लाकडावर किती माणसं, सोन्यावर किती, हा हिशेब उरतोच. आणि हे सगळं निव्वळ स्मरणरंजन म्हणावं, तर आठवणीत राहते ती चीट कोडने येणारी, मध्ययुगात बंदुका झाडत फिरणारी मोटारगाडी. आज तिच्यात दहा मिनिटं मन रमत नाही. शेतं मात्र मध्यरात्र उलटवतात.

तेव्हा पुन्हा खेळायला बसणार असाल तर किल्ल्याची घाई करू नका. टाउन सेंटरात पुढचा गावकरी लावलाय का, ते आधी बघा. आणि डुकराच्या वाटेला एकालाच पाठवा.