धरून चालू, दहा कोटी

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठेही जा, हा भेटतोच. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, अनुभव आठ वर्षांचा, नोटीस पीरियड तीन महिन्यांचा आणि नजर कायम पुढच्या कंपनीवर. आम्ही त्याला स्केलकर म्हणतो. कशाचाही विषय काढा, याचा पहिला प्रश्न ठरलेला: "पण हे स्केल होईल का?"

स्केलकर सिस्टिम डिझाइनच्या इंटरव्ह्यूची तयारी करतोय. कधीपासून, ते विचारू नये. मुलगी बघायला गेला तेव्हाही 'सध्या तयारी चालू आहे' असंच म्हणाला होता, असं त्याची बायको सांगते. ऑफिसात त्याच्याकडे रजेच्या अर्जाचं पान आहे. ते चारशे लोक वापरतात, तेही दिवाळीच्या तोंडावर. रात्री जेवणं आटोपली की मात्र तो उबर बांधायला बसतो. दुसऱ्या दिवशी नेटफ्लिक्स.

टेबलावर मार्टिन क्लेपमनचं 2017 सालचं जाडजूड पुस्तक. पुस्तक खरोखरच उत्तम आहे, फक्त मुखपृष्ठावर रानडुक्कर आहे. संगमेश्वरहून आलेल्या सासूबाईंनी ते हातात घेऊन विचारलं, "जावईबापू, बंदोबस्त काय दिलाय ह्यात? आमचं भात सगळं नासवलं मेल्यांनी." स्केलकरने त्यांना पार्टिशनिंग समजावलं. म्हणजे कुंपणच की, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं फारसं चुकलंही नाही.

आकडेमोड हा त्याचा लाडका प्रांत. दिवसाचे सेकंद 86,400, पण इंटरव्ह्यूत सरळ एक लाख धरायचे. शून्यं खोडली की भागाकार संपला. रोज दहा कोटी रिक्वेस्ट, म्हणजे सेकंदाला हजार. लांबलचक लिंक छोटी करायची असेल तर लहान-मोठी मिळून 52 इंग्रजी अक्षरं आणि 10 अंक घ्यायचे; या 62 चिन्हांतून सात जागा भरल्या की साडेतीन लाख कोटी लिंका तयार. हे सगळं तो भाजीवालीसमोर उभा राहून तोंडी करतो आणि सुटे किती परत आले ते मोजायचं विसरतो.

मुळात ही परीक्षा वाईट नाही. पाऊण तास, एक मुद्दाम मोघम ठेवलेला प्रश्न. उमेदवाराने आधी चौकशी करायची: लोक किती, वाचणं जास्त की लिहिणं, घटकाभर जुना आकडा दिसला तर चालेल का? मग कशावर पाणी सोडायचं ते ठरवायचं. नेटवर्क मधेच तुटलं तर अचूक उत्तर आणि हमखास उत्तर यांतलं एक सोडावं लागतं, हे एरिक ब्रूअरने 2000 साली मांडलं. स्केलकरला साल पाठ आहे. चौकशीचे प्रश्नही पाठ आहेत. अडचण एवढीच की तो प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकत नाही.

गणपतीत सोसायटीने त्याच्याकडे वर्गणीची नोंद सोपवली.

"काका, युजर किती?"

"अरे, चौऱ्याऐंशी फ्लॅट."

"आणि रोजचे अ‍ॅक्टिव्ह?"

"रोज कोण वर्गणी देतं रे बाळा?"

स्केलकरने समजल्यासारखी मान डोलावली. "धरून चालू, दहा कोटी." आणि आरतीच्या वेळा लिहायच्या फळ्यावर चौकोन पडू लागले. लोड बॅलन्सर, तीन सर्व्हर, रेडिस, मधे काफ्का, खाली डेटाबेसचे सोळा शार्ड. सेक्रेटरीकाकांची उभी हयात बँकेत गेलेली. ते म्हणाले, "म्हणजे एका शार्डमध्ये सव्वापाच फ्लॅट. तो पाव फ्लॅट कुणाचा?" आणि त्यांनी वही काढली.

2014 साली फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतलं तेव्हा 45 कोटी लोकांचं काम 32 इंजिनिअर सांभाळत होते, हे स्केलकर नव्या पोरांना आवर्जून सांगतो. त्याने फळ्यावर काढलेल्या चौकोनांची देखभाल करायला तेवढे तरी लागले असते.

परवा एकदाचा इंटरव्ह्यू झाला. प्रश्न: डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंट. स्केलकरने रीतसर विचारलं, "रोज पेशंट किती?" समोरच्या बाई म्हणाल्या, "दोनशे." एक सर्व्हर, एक पोस्टग्रेस, रात्रीचा बॅकअप आणि एकच वेळ दोघांना जाऊ नये म्हणून एक युनिक कन्स्ट्रेंट, दहा मिनिटांत विषय संपला असता. उरलेल्या वेळात डॉक्टरच अचानक रजेवर गेले तर काय, यावर मजेदार चर्चा झाली असती. रजेचा तर हा आठ वर्षांचा जाणकार! पण स्केलकरने काफ्का काढला. बाईंनी पुन्हा 'दोनशे' म्हटलं, तेव्हा त्याने शार्ड वाढवले.

नकार आला. त्याच्या मते त्या कंपनीला स्केल कळत नाही. आता तो रोज रात्री दहाला मॉक इंटरव्ह्यू घेणारा माणूस शोधतोय, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचेलच. नाही म्हणू नका, पोरगा मेहनती आहे. फक्त त्याने पहिला प्रश्न विचारला आणि तुम्ही उत्तर दिलंत की त्याच्या हातातला पेन काढून घ्या आणि विचारा, "मी आत्ता काय म्हणालो?"